घरून काम आणि संध्याकाळचा तो थकवा

आज सलग व्हिडिओ कॉल झाले. खुर्चीतून न उठताही माणूस संध्याकाळी गळून जातो, त्याला कारणं आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये ती मांडली: पडद्यावरचे चेहरे फार जवळ येतात, स्वतःचं तोंड सतत समोर दिसतं, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत बसायचं म्हणून हालचालच थांबते. म्हणून आधी 'हाईड सेल्फ व्ह्यू' करा. इतरांना तुम्ही दिसतच राहता, फक्त तुमचा आरसा जातो. कॉलची खिडकी लहान करा. नुसतं ऐकायचं असेल तर इअरफोन लावून घरातच फिरा. मीटिंग ३० ऐवजी २५ मिनिटांची लावली, तर निदान पाणी प्यायला उठता येतं.

मान आखडते ती लॅपटॉपमुळे. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणला की कीबोर्ड वर जातो आणि खांदे चढतात; त्यामुळे वेगळा कीबोर्ड-माऊस घ्याच. महागडी खुर्ची नंतर.

पुण्यात बसून अमेरिकेशी काम करणाऱ्यांचं दुखणं निराळं. न्यूयॉर्कची सकाळी १० ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, तर नोव्हेंबरपासून, तिकडची घड्याळं तासभर मागे गेली की, साडेआठला येते, म्हणजे नेमकी जेवणाच्या वेळी. तेव्हा सकाळची सुरुवातही तासभर पुढे ढकला आणि कॅलेंडरवर तसं 'ब्लॉक' करून ठेवा. नुसतं तोंडी सांगितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही, मॅनेजर तर नाहीच!