वाकायामाचा सुटा तुकडा

जपानी नकाशांचं काम असल्यामुळे आमची सकाळची पाळी साडेपाचला लागते. तेव्हा तिकडे नऊ वाजलेले असतात. पुण्यातल्या या ऑफिसात सात वर्षं झाली, पण चहा हातातच निवून जावा असा फोन एकदाच आला.

आदल्या दिवशी मी वाकायामा प्रीफेक्चरची हद्द तपासून पाठवली होती. (प्रीफेक्चरला धड राज्यही म्हणता येत नाही आणि जिल्हाही. त्याचा गव्हर्नर १९४७ पासून लोक थेट निवडतात, म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल डोळ्यांसमोर आणायचा नाही.) जपानच्या ४७ प्रीफेक्चरांत वाकायामाचा कोड ३०. आत ९ शहरं, २० लहान नगरं आणि खेडं एकच.

तपासताना नारा आणि मिए या शेजारच्या प्रीफेक्चरांच्या बेचक्यात ३० कोडचा एक पॉलिगॉन (नकाशावरची बंद आकृती) दिसला, वाकायामाला कुठेच न चिकटलेला. समुद्रातलं बेट असतं तर सोडून दिलं असतं. इथे चहूकडे डोंगर. कोड टाकताना कुणाचं तरी बोट घसरलं असणार, असं म्हणून मी तो मिएत मर्ज केला आणि शेऱ्यात ‘कोडची चूक दुरुस्त’ असं ठोकून घरी गेलो.

फोनवर क्लायंटकडची तपासनीस बाई होती. ‘चूक’ हा शब्द तिने एकदाही काढला नाही. ‘त्या जागी एक गाव आहे, जरा पाहाल का?’ एवढंच म्हणाली.

ते गाव म्हणजे कितायामा. वाकायामातलं एकुलतं एक खेडं, वस्ती चारशेच्या आसपास, आणि तरी स्वतःचा निवडून आलेला प्रमुख, स्वतःचं सभागृह. बाई मूळची शिंगू शहरातली निघाली, त्यामुळे पुढचं तिनेच सांगितलं. कितायामाचे लोक डोंगरातलं लाकूड तोडायचे, ओंडक्यांचे तराफे बांधायचे आणि नदीतून खाली शिंगूला न्यायचे. गावाचं पोट त्या बाजारावर. १८७१ मध्ये जुनी संस्थानं मोडून प्रीफेक्चर आखली गेली, शिंगू वाकायामात गेलं, आणि कितायामाने त्याच्याबरोबर जायचं धरलं. जमीन लागून नव्हती, पण नदी होती ना. तराफे अजून सुटतात, फक्त लाकडाऐवजी पर्यटकांसाठी.

मला शाळेतला नकाशा आठवला. चारही बाजूंनी गुजरात असलेला दादरा मी स्वतः वेगळ्या रंगाने रंगवलाय, आणि इथे मात्र सरळ पुसून मोकळा!

माफी मागितली, फोन ठेवला, कितायामा परत ३० मध्ये टाकलं. मग जुना लेयर खाली ठेवून पाहिलं, तर जवळच आणखी एक छोटा तुकडा वाकायामाचाच होता, शिंगू शहराच्या हद्दीतला. तोही मीच मिएला देऊन बसलो होतो. तो बाईंच्या नजरेतून सुटला होता.

मी पुन्हा फोन उचलला.