मोठेबाबांच्या मातीला मी का पोचलो नाही

पवनीच्या बाजारात कोणी बोललं म्हणे, "मस्कतला समुद्रात पोहत बसला, मोठेबाबांच्या मातीला आला नाही." आईने फोनवर सांगितलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. म्हणून लिहितो.

त्या शुक्रवारी मस्कतजवळच्या दयमानियात बेटांपाशी मी स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन, दोन बुड्या मारल्या होत्या, 18 मीटरपर्यंत. दुपारी दीडला बोटीवर आलो, पाचला मोठेबाबा गेल्याचा फोन आला. रात्रीचं विमान मिळत होतं. उद्या येत नाही असं सांगायला स्कूबा शिकवणाऱ्या उस्तादांना फोन केला, तर ते अर्ध्या तासात दारात हजर. "दोन बुड्या झाल्यात. 18 तास विमान नाही." मी त्यांच्यावर ओरडलो. ते हलले नाहीत.

तुम्ही म्हणाल, मोठेबाबा जन्मभर विहिरीत उतरले, मोटारीच्या पाइपाचा फुटव्हॉल अडकला की तळ गाठून सरळ वर यायचे, त्यांना काय झालं? खरं आहे. पण ते वरचा एकच श्वास छातीत धरून जायचे. आम्ही खाली टाकीतली हवा ओढत राहतो, आणि 18 मीटरवर ती जवळजवळ तिप्पट दाबाने फुप्फुसात येते. त्यातला नायट्रोजन रक्तामांसात मुरतो. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो, तरी सगळा निघत नाही. उरलेला श्वासावाटे कित्येक तास जात राहतो. विमानातली हवा उंच डोंगरावरच्यासारखी, कमी दाबाची. तिथे त्या नायट्रोजनचे अंगातच बुडबुडे होऊ शकतात. खांदा, कोपर ठणकतात. मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे पडतात. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1908 मध्ये बकऱ्यांवरचे असे प्रयोग मांडले होते. दाब झटकन उतरवला की बकरी पुढचा पाय उचलून धरायची. बकऱ्या राखलेल्या माणसाला तो पाय काय सांगतो ते समजवावं लागत नाही.

विमानतळावर हे कोणी विचारत नाही. गेलो असतो तर कदाचित काही झालंही नसतं. तेच मला खातं.

आपल्याकडे माती झालेल्या घरी शेजारी चूल पेटू देत नाहीत, डबे आणतात. इथे माझं कोण? उस्ताद भात घेऊन आले, रात्रभर बसले, सकाळी विमानतळावर सोडून गेले.

राख सावडायला मी होतो. वैनगंगेत राख सोडताना दादाच्या हाताला माझाही हात होता. लहानपणी मोठेबाबा मला ज्या दोराने विहिरीत सोडायचे, तो मोटारीच्या खोलीत खुंटीला तसाच होता. मोठीआईला विचारून मी तो इकडे घेऊन आलो.