मागणी नाही

“माझी चोपडी कुठाय?”

बडोद्यातली आम्ही मराठी माणसं पुस्तकाला पुस्तकच म्हणतो, पण दिवसभर गुजराती घरांतून पोळ्या लाटणाऱ्यांच्या तोंडी ‘चोपडी’ बसून जाते. काउंटरसमोर उभ्या असलेल्या बाईंच्या पिशवीतून लाटण्याचं टोक बाहेर आलं होतं. चेहरा ओळखीचा. रोज चारला यायच्या, खिडकीजवळच्या पंख्याखाली बसायच्या, पावणेपाचला उठून जायच्या. आमच्यात त्यांचं नावच ‘पंख्यावाल्या मावशी’ पडलं होतं. दोन घरांच्या कामामधली वेळ काढायला येतात बिचाऱ्या, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

“कुठली हो, मावशी?”

“ती दोन भागांची कादंबरी. त्यातला दुसरा. खालून दुसऱ्या खणात, अगदी कोपऱ्यात असते. सोमवारपासून शोधतेय.”

माझ्या पोटात गोळा आला. त्या कोपऱ्यावर आठ दिवसांपूर्वी मीच बोट ठेवलं होतं.

मी एका शाळेत ३१ वर्षं ग्रंथपाल होते. निवृत्तीनंतर जुन्या शहरातल्या एका मराठी वाचनालयात जाते. त्याचं नाव लिहीत नाही. तिथे पगारी ग्रंथपाल अर्धवेळ, शिपाई निवृत्त झाल्यावर त्याची जागा भरलीच नाही, बाकीचं आम्ही सात जण बघतो. लोकांना वाटतं स्वयंसेवक म्हणजे कार्यक्रमाला समई पुसणारे. आमचा निम्मा वेळ जातो सुटलेली पानं खळीनं चिकटवण्यात (सेलोटेप लावणाऱ्यांना मी अजून माफ केलेलं नाही) आणि उरलेला निम्मा, गेलेल्या आजोबांची पुस्तकं गोणीत भरून आणणाऱ्या नातवंडांना गोड बोलून परत पाठवण्यात. नातवंडं गुजराती किंवा इंग्रजी शाळेत शिकलेली. त्यांना मराठी वाचवत नाही आणि पुस्तकं टाकवत नाहीत. मग गोणी आमच्या पायरीवर.

त्यामुळे जागेची मारामार कायमची. त्यात मागच्या पावसाळ्यात आतल्या खोलीचं छत गळलं आणि चार कपाटं पुढे आणावी लागली. कार्यवाहांना नेमकी तीच जागा स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या टेबलांसाठी हवी होती. ही मुलं पुस्तकं स्वतःची आणतात, आमच्याकडून फक्त प्लग आणि शांतता घेतात. पण फी वेळेवर भरतात, आणि आमचं लाइटबिल त्यांच्या जिवावर निघतं, हेही नाकारता येत नाही. तेव्हा पुस्तकं बाद करायची ठरली.

हे काम मला येतं, आणि चांगलं येतं. आधी मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेली तारखांची पट्टी बघायची, शेवटचा शिक्का कधीचा. मग मधल्या एखाद्या पानाचा कोपरा मागे-पुढे दुमडायचा. जुन्या स्वस्त कागदात आम्ल असतं, दोन-तीन घड्यांत तुकडा हातात येतो. असं पुस्तक बांधायला टाकण्यात अर्थ नसतो, टाका घालायला गेलं की पान दोऱ्यापाशीच फाटतं. दुसरी प्रत आहे का ते बघायचं. नसेल तर मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत सापडेल का, याची चौकशी करायची. हे सगळं झालं की मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ‘बाद’चा शिक्का, आणि प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं (ओळखीसाठी शिक्का मारायचं, ठरलेल्या क्रमांकाचं), त्यावरही. आमचं कितवं ते सांगणार नाही. शेवटी दाखल नोंदवही काढायची (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला जिच्यात क्रमांक मिळतो ती), त्या पुस्तकाच्या क्रमांकासमोर लाल शाईनं आडवी रेघ, आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण: जीर्ण, गहाळ, दुबार प्रत, मागणी नाही.

या वेळी एवढं सगळं झालं नाही. आमच्यातले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. हौशी, कष्टाळू, आणि एक्सेलवर नितांत श्रद्धा. दोन महिने खपून त्यांनी प्रत्येक पुस्तकाची शेवटची तारीख भरली आणि एक बटण दाबून दहा वर्षांत न गेलेली पुस्तकं वेगळी काढून दिली. ६१२. कार्यकारिणीनं टाळ्या वाजवल्या. मी दोन दुपारी बसून यादीवर खुणा केल्या, पुस्तकं पोरांनी उतरवली, पस्तीवाला, म्हणजे आमच्याकडचा रद्दीवाला, आला. १८७ किलो, किलोला १२ रुपये. २,२४४ रुपयांची पावती फाडली.

त्या कादंबरीचा पहिला भाग कुणीतरी २०१९ मध्ये नेला होता, म्हणून तो वाचला. दुसऱ्या भागावरचा शेवटचा शिक्का २०११चा. पहिला भाग नेऊन दुसऱ्याकडे न फिरकणं ही मराठी वाचकाची जुनी खोड. पण यादी तारखेनं लावल्यावर भाग पहिला आणि भाग दुसरा एकमेकांपासून शेकडो ओळी लांब गेले. एक्सेलला भाग कळत नाहीत. मला कळतात. मी खूण केली, तेव्हा बहुतेक चहा आला होता.

हे सगळं मावशींना कसं सांगायचं? मी म्हटलं, “ते पुस्तक आम्ही काढून टाकलं. बरीच वर्षं कुणी वाचत नव्हतं.”

“मी वाचत होते ना.”

“घरी नेलं नव्हतंत कधी. त्यामुळे नोंद...”

“दिवाळी झाल्यावर पहिला भाग धरला. रोज पाच-सहा पानं. आता दुसऱ्याच्या दोनशे बारावर होते.” पान दुमडू नये अशी पाटी आहे, म्हणून त्या आकडा लक्षात ठेवायच्या.

बँकेतले काका, आमच्यातली इंजिनिअरिंगची मुलगी, मी, असे तिघं काउंटरच्या आत उभे. त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “तुमच्यातल्या कुणी वाचलीय?”

कुणीच नव्हती वाचली.

“मग न वाचताच कशी काढली?”

मुलगी चटकन म्हणाली, “मावशी, मी फोनवर शोधते, पुढची गोष्ट मिळेल.” त्यावर त्या म्हणाल्या, “गोष्ट नको. चोपडी हवी.” म्हणून इथेही कादंबरीचं नाव देत नाही. दिलं की कुणीतरी शेवट सांगून मोकळं होईल.

मला सर्वांत जास्त खुपतंय ते पुढचं. वाचनालयातच बसून जे वाचलं जातं, त्याची नोंद पट्टीवर होत नाही. ती मिळवायची जुनी, बिनखर्चाची रीत आहे: वाचकानं पुस्तक टेबलावरच सोडायचं, संध्याकाळी ती गोळा करायची, आणि जागेवर लावण्याआधी प्रत्येकाच्या पट्टीवर पेन्सिलीची एक बारीक रेघ. आमचा शिपाई हेच करायचा. शाळेत मी मुलांना दटावून सांगायची, पुस्तक लावायचं नाही, टेबलावर ठेवा. शिपाई निवृत्त झाला, रोजचा ढीग लावणार कोण, म्हणून आम्ही पाटी लावली: ‘वाचून झाल्यावर पुस्तक जागेवर ठेवावे.’ अक्षर माझंच. मावशींनी पाटी वाचली आणि रोज पावणेपाचला पुस्तक खालून दुसऱ्या खणात, कोपऱ्यात, नीट ठेवलं. निष्काळजी वाचक असत्या तर पुस्तक वाचलं असतं.

“सभासद का नाही झालात?” हे मी विचारायला नको होतं. अनामत ५०० रुपये आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. त्या भाच्याकडे राहतात, पत्ता त्यांच्या नावावर नाही.

११ मार्चला सयाजीराव महाराजांची जयंती आम्ही दरवर्षी करतो. यंदा भाषण माझं होतं. महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणलं, संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, कपाटं वाचकांसाठी उघडी केली, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. गावानं एक हिस्सा गोळा केला की तेवढाच प्रांत पंचायत घालणार आणि तेवढाच सरकार. मोतीभाई अमीनांनीही तरुणांची मित्रमंडळं उभी करून गावोगाव वाचनालयं चालवली. “तो लोकांचा हिस्सा म्हणजे आपण,” असं मी म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. त्या दिवशी खुर्च्या मांडायच्या होत्या म्हणून मावशींना पंख्याखालून उठवलं होतं. तेव्हा हातात बहुधा दुसरा भागच असणार.

त्या गेल्यावर मी तशीच पस्तीवाल्याकडे गेले. टेम्पो आदल्याच संध्याकाळी वापीच्या पेपर मिलला गेला होता. पण जाड बांधणीचे पुठ्ठे तो फाडून वेगळे ठेवतो, त्याचा भाव निराळा. गल्लीत ढीग पडला होता. अर्धा तास उकिडवं बसून उपसला. आमच्या हिरव्या कापडी बांधणीचे पुठ्ठे लांबूनही ओळखू येतात. त्या पुस्तकाचा मागचा पुठ्ठा सापडला, आत तारखांची पट्टी शाबूत. शेवटचा शिक्का २०११, खाली कोरी जागा. पस्तीवाल्यानं पैसे घेतले नाहीत. “बेन, एकला पुठानुं शुं करशो?” नुसत्या पुठ्ठ्याचं काय करणार, एवढं मात्र विचारलं.

मांडवीला जाऊन सेंट्रल लायब्ररीत शोधलं, तिथेही तो भाग हाती लागला नाही. पुण्याच्या दोन जुन्या पुस्तकवाल्यांना कळवलंय, त्यातल्या एकाकडे पहिला भाग आहे. पहिला भाग सगळ्यांकडे आहे. मावशींना म्हटलं, तोवर मांडवीला जाऊन दुसरं काही वाचा, तिथे भरपूर आहे. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे पन्नास मिनिटं असतात. जाण्यायेण्यातच अर्धा तास.” आता त्या येतात, पंख्याखाली बसतात आणि वर्तमानपत्र वाचतात. माझ्याशी नीट बोलतात, हेच जास्त लागतं.

पाटी मी काढली. बैठकीत अनामतीचा विषय काढला, तर कार्यवाह म्हणाले, पुस्तकं परत आली नाहीत तर भरून कोण देणार? ६१२ पुस्तकं आपण स्वतःच २,२४४ रुपयांना दिली, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. काका शेजारीच बसले होते. त्या दिवसापासून ते गप्प गप्प असतात, म्हणून गिळलं.

काल दाखल नोंदवही उघडली. क्रमांकावर लाल रेघ, समोर माझ्या अक्षरात ‘मागणी नाही’. पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. दाखल नोंदवहीत खाडाखोड करायची नाही, हा नियम गटातल्या सगळ्यांना मीच शिकवलाय.