आयर्विनला किती?

पुतणी आठवीत आहे. परवा वही घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, ह्याचं उत्तरच येत नाही. 'पेक्षा जास्त' म्हणजे नक्की किती? एक आकडा सांग की."

तिचं बरोबर आहे. समीकरण सोडवलं की एक आकडा हाती लागतो, त्याखाली दोन रेघा मारल्या की सुटलो. असमानतेचं, म्हणजे 'पेक्षा जास्त', 'पेक्षा कमी' अशा गणिताचं उत्तर म्हणजे संख्यारेषेचा अख्खा तुकडा, त्यामुळे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

मग मी संख्यारेषा आडवी न काढता उभी काढली, पुलाजवळच्या पाण्याच्या मोजपट्टीसारखी. आम्ही सांगलीच्या गावभागातले. पावसाळ्यात भेटेल तो आधी विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची, हे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ असतं.

पातळीला 'प' म्हणू. इशाऱ्याचा टप्पा झाला ४० ≤ प < ४५. चाळिसावर भरीव टिंब, पंचेचाळिसावर पोकळ. "पोकळ का?" कारण पाणी ४५ ला टेकलं की धोका सुरू; तो आकडा वरच्या टप्प्याचा.

आता चिन्ह उलटण्याचं. ऋण संख्येनं गुणलं किंवा भागलं की चिन्ह फिरवायचं, एवढंच आम्हाला शाळेत घोकायला लावलं. का, ते कुणी सांगितलं नाही. याचा मला अजून राग आहे.

तिला म्हटलं, पाणी ४८ फुटांवर आहे आणि तासाला अर्धा फूट उतरतंय. इशारा पातळीच्या खाली कधी जाईल? तासांना 'त' म्हणू.

४८ − त/२ < ४०
−त/२ < −८

इथून तिनं लिहिलं, त < १६.

"मग ० तास घालून बघ." ४८ < ४०? ती थांबली. वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "पाणी उतरतंय ना? म्हणजे जितके जास्त तास, तितकं कमी पाणी. सोळाच्या पुढेच पाहिजे." आणि स्वतःच चिन्ह खोडून त > १६ केलं. मग मी शेजारी २ आणि ५ मांडले, शून्यापलीकडे −२ आणि −५. पाच मोठा, पण −५ लहान. शून्यातून पलीकडे गेलं की क्रम उलटतो, म्हणून चिन्हही उलटतं. ह्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

शेवटी धोक्याचा टप्पा तिला एकटीला काढायला सांगितला. प ≥ ४५. भरीव टिंब दिलं, रेघ वर नेली, पण बाण काढेना. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं; तेव्हा ती दुसरीत होती, आम्ही सगळे विश्रामबागेत मावशींकडे. तिनं रेघेवर ५७ ची खूण केली, मला दाखवली, आणि मग बाण त्याच्याही वर काढला.