खोल्या किती, ते विहिरीने ठरवलं

वेंगुर्ल्याजवळचं आमचं घर नऊ वर्षं कुलूपबंद होतं. आम्ही सगळे डोंबिवली, पुणे, बेळगाव असे पांगलेलो. शेजारच्या दोन काजूबागा विकल्या गेल्या, तिथे प्लॉट पडले, तेव्हा बायको म्हणाली, आपलं घर पाडायचं नाही. होमस्टे करू.

पहिलं वर्ष सह्यांत गेलं. उताऱ्यावर सात नावं. बेळगावच्या आत्याने एका अटीवर सही दिली: गणपतीची खोली कुणालाही भाड्याने द्यायची नाही. ती खोली आजही आमचीच आहे.

ठेकेदाराने मागच्या अंगाला स्लॅब टाकून सहा खोल्या काढून दिल्या होत्या, कागदावर. मी मात्र मे महिन्यात विहीर मोजली. आठ फूट व्यासाची विहीर. संध्याकाळी पंपाने उपसली, दोरीला गाठ मारली. सकाळी पाणी दीड फूट चढलेलं, म्हणजे साधारण दोन हजार लिटर. त्यातच आमचं घर, माड-पोफळी आणि पाणी भरायला येणारी शेजारची दोन घरं. पाहुण्यांना माणशी दीडशे लिटर धरलं तर सहाच माणसं बसत होती. तीन खोल्या झाल्या.

एक चूक महागात पडली. चिऱ्याच्या एका भिंतीला सिमेंटचा गिलावा केला. शेजारची काकी तेव्हाच म्हणाली होती, "पावसात ही भिंत रडतली." श्रावणापर्यंत गिलाव्याला फोड आले आणि आतून ओल उतरली. चिऱ्यातल्या ओलीला बाहेर पडायला वाट लागते, ती आम्हीच बुजवली होती. सगळं खरवडून चुन्याचा गिलावा केला. मंगलोरी कौलं तशीच ठेवली, प्रत्येक खोलीत दोन काचेची कौलं घातली. दुपारी उजेडाचा चौकोन सारवलेल्या जमिनीवरून सरकत जातो, पाहुण्यांची मुलं त्याच्यामागे सरकत बसतात.

संडास विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, दोन शोषखड्ड्यांचे. न्हाणीचं पाणी पाटाने केळींना जातं. जेवण काकीच्याच घरून येतं, त्याचे पैसे थेट तिला.

दोरीची ती गाठ अजून तशीच आहे. यंदा मेमध्ये सकाळचं पाणी गाठीपासून जेमतेम फूटभर चढायला लागलं, तेव्हा एक खोली आम्ही पाऊस सुरू होईपर्यंत बंद ठेवली.