सगळ्यात अवघड काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ३.८ किलोमीटर पोहणं, लगेच १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर पळणं, अशी पूर्ण अंतराची ट्रायथलॉन मी एकदा पुरी केलीय हे कळलं की लोक हमखास विचारतात, "त्यातलं सगळ्यात अवघड काय हो?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयारच असतं. पाण्याला घाबरणारा म्हणतो पोहणं असणार, गुडघे दुखणारा म्हणतो पळणं. मी म्हणते, खाणं. समोरचा हसतो. मी गंमत करत नसते.

तयारीला जवळजवळ वर्ष गेलं. पोहता येत होतं, पण टाकीच्या तळाची रेघ बघत पोहणं वेगळं आणि उघड्या पाण्यात दर सात-आठ हातांनी मान वर काढून बोया, म्हणजे मार्ग दाखवणारे तरंगते फुगे, शोधणं वेगळं. ते जमलं. सायकलवरून उतरून तसंच पळत सुटायचं, ज्याला आम्ही 'ब्रिक' म्हणतो, त्यात पहिली दहा मिनिटं पाय दुसऱ्याचेच वाटतात. तेही सवयीनं सुटलं. या सगळ्याला सराव लागतो हे ठाऊक होतं. खाण्यालाही लागतो, हे मात्र नव्हतं.

ते कळलं एका रविवारी, रस्त्याच्या कडेला. १२० किलोमीटर सायकल मारायची होती. पहिले तीन तास झकास गेले. दोन केळी खिशात होती, ती खिशातच राहिली, कारण भूकच नव्हती. ९५ किलोमीटर झाले असतील, एक साधा चढ आला आणि पाय गेले. दुखत नव्हते, गोळे आले नव्हते, नुसते नव्हतेच. हात थरथरायला लागले. सायकल आडवी टाकून बसले, केळं काढलं, आणि ते सोलायचं कुठून हेच सुचेना. देठ इकडे, टोक तिकडे, मी मध्ये. केळ्याकडे बघत चक्क रडले. शेवटी सालीसकट दातांनी फोडलं. पंधरा-वीस मिनिटांनी रस्ता, झाडं, सगळं पुन्हा आपापल्या जागी आलं.

संध्याकाळी माझ्या प्रशिक्षकांना, सरांना, फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "भूक कधी लागली?"

"लागलीच नाही, सर."

"लागेपर्यंत थांबायचं नसतं. लागली म्हणजे उशीर झाला."

मग त्यांनी गणित मांडलं. स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरानं साठवलेल्या साखरेचा, साठा असतो साधारण १६०० ते २००० कॅलरींचा. सायकलवर मी तासाला पाचशेच्या आसपास जाळते. चरबी असते ढीगभर (त्या बाबतीत माझी कधीच तक्रार नव्हती), पण ती सावकाश जळते. जोर लावायचा तर साखर हवी. रक्तातली साखर उतरली की मेंदूचीही उपासमार होते, केळं सोलायचं विसरलं ते त्यामुळे. बरं, भसाभस खावं तर आतडं ऐकत नाही. नुसतं ग्लुकोज ते तासाला साधारण ६० ग्रॅमच आत घेतं. फ्रुक्टोजचा, म्हणजे फळांतल्या साखरेचा, दरवाजा वेगळा, म्हणून दोन्ही मिसळून दिलं तर ९० पर्यंत मजल जाते. त्यात रक्त पळालेलं असतं पायांकडे आणि कातडीकडे, पोटाच्या वाट्याला उरलंसुरलं. आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, ते तर जिवावर बेतू शकतं. म्हणून मीठही मोजून.

घड्याळात दर २० मिनिटांचा गजर लावला. वाजला की २० ग्रॅम साखर पोटात: एक जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक), नाहीतर केळं, नाहीतर मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि घोटभर साखरपाणी. भूक असो नसो. पहिले काही रविवार मळमळण्यात गेले. व्हॅनिलाच्या जेलचं नुसतं पाकीट दिसलं तरी आजही पोटात ढवळतं. पण दीड-दोन महिन्यांत पोट मुकाट्यानं घ्यायला शिकलं. पायांइतकंच तेही तयार होत होतं, फक्त त्याचे फोटो कोणी काढत नाही.

शर्यतीच्या दिवशी पोहण्यात चष्म्यावर एक लाथ बसली, बाकी सांगण्यासारखं काही नाही. सायकलवर १३० किलोमीटरपर्यंत गजराची आज्ञा पाळली. मग पोट फुगलं. जेल ओठांजवळ नेलं की उमासा. चूक माझीच होती. वारा पाठीशी होता, अंगात वारं शिरलं होतं, आणि ठरवल्यापेक्षा जोरात हाणत होते. जितका जोर, तितकं पोट रिकामं व्हायला कां-कूं करतं. वेग उतरवला. लोक भराभर पुढे जाऊ लागले, जाऊ दिले. तीन गजर नुसत्या पाण्याच्या गुळण्या. चौथ्याला बटाट्याचा नखाएवढा तुकडा दाढेखाली धरून ठेवला, विरघळू दिला. तो पोटात टिकला तेव्हा मला जेवढा आनंद झाला, तेवढा शेवटच्या रेषेवरही झाला नाही.

या खेळाचा इतिहासही माझ्याच बाजूनं आहे. १९७८ साली हवाईच्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याच्या कल्पनेतून तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती जोडून पहिली आयर्नमॅन, म्हणजे याच अंतरांची ट्रायथलॉन, झाली. १५ जण उतरले, १२ जणांनी पुरी केली. पळताना आघाडीवर होता जॉन डनबार. त्याच्या मदतनीसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला. डनबार दुसरा. खाण्यापिण्यानं घात होणारी मी काही पहिली नाही.

मॅरेथॉन मी पळाले असं म्हणवत नाही. वाटेत खाणंपिणं मांडलेल्या एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत पळत होते आणि टेबलाशी चालत होते. अंधार पडल्यावर गॅस उडालेला कोला, एकेक घोट, बस्स. त्या वेळी जगात त्याहून चविष्ट काही नव्हतं. अशा शर्यतींना बहुधा १७ तासांची मुदत असते. मी पोहोचले १५ तास ४१ मिनिटांनी. गळ्यात पदक घालणाऱ्या मुलीनं आधी अभिनंदन केलं आणि मग विचारलं, "काकू, काही खाणार?" तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अंथरुणावर पडले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गजर बंद करायचा राहून गेला होता. वीस मिनिटांनी तो वाजला आणि डोळे मिटलेलेच असताना माझा हात उशीखाली बटाटा शोधायला लागला.