सुई एकावर आली, तरी कॉइल तापत होती

माझ्या हौशी रेडिओ संचाला दोन अँटेना होत्या. एक ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेला सुमारे २० मीटरचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन भागांची तार) आणि दुसरी, इतर बँडसाठी, म्हणजे इतर वारंवारता-पट्ट्यांसाठी टांगलेली १६ मीटरची तार. डायपोल त्याच्या बँडवर ५० ओहमच्या केबलला सरळ जोडता येई. तारेचा इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मात्र प्रत्येक बँडवर निराळा असे, आणि दर वेळी ट्रान्सीव्हरच्या (प्रक्षेपण व ग्रहण दोन्ही करणाऱ्या संचाच्या) मागे हात घालून केबल बदलण्यात कनेक्टरचे आटे झिजत चालले होते. म्हणून अँटेना निवडणारा स्विच आणि तिचा इम्पीडन्स संचाच्या ५० ओहमशी जुळवणारा ट्यूनर हे दोन्ही एकाच ॲल्युमिनियमच्या डब्यात बसवायचे मी ठरवले.

स्विचचे काम लवकर उरकले. दोन थरांचा सिरॅमिक रोटरी स्विच घेऊन त्याच्या पहिल्या थरावर डायपोल, तार आणि डमी लोड (चाचणीसाठी अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) जोडले; दुसरा थर न निवडलेल्या अँटेनांना अर्थ करतो, त्यामुळे बाजूच्या अँटेनाचा सिग्नल आत झिरपत नाही. डमी लोडसाठी १ किलोओहम, २ वॉटचे २० कार्बन रेझिस्टर समांतर जोडले. त्यातून नेमके ५० ओहम मिळतात आणि ४० वॉट सलग पेलतात. १०० वॉट मात्र काही सेकंदांपुरतेच द्यावे लागतात. आकाशात ढग गडगडू लागले की मी केबल डब्यातून काढून बाहेरच ठेवतो, कारण स्विचमधले अर्थिंग विजेपासून रक्षण करू शकत नाही.

ट्यूनरसाठी टी-जोडणी निवडली: एकापाठोपाठ दोन व्हेरिएबल कंडेन्सर आणि त्यांच्या मधल्या बिंदूपासून अर्थपर्यंत कॉइल. कंडेन्सर जुन्या रेडिओतले गँगचे, म्हणजे एकाच दांडीवर दोन भाग असलेले होते, प्रत्येक भाग सुमारे ३६५ पिकोफॅरडचा. कॉइल ४० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर जाड इनॅमल तारेचे २४ वेढे, ७२ मिलिमीटर लांबीत सारख्या अंतरावर घालून केली. ती हिशेबाने सुमारे १० मायक्रोहेन्री भरते. हवे तेवढेच वेढे वापरता यावेत म्हणून दर दोन वेढ्यांना इनॅमल खरवडून टॅप (जोडणीचे फाटे) काढले. हे काम घाईत करू नये, कारण इनॅमलचा अंश राहिला की डाख वरवर बसलेला दिसतो आणि आत पकड घेत नाही.

पहिल्या चाचणीत एसडब्ल्यूआर मीटरची सुई कोणताही नॉब फिरवला तरी हलेना; हा मीटर जुळवणी किती नीट झाली ते दाखवतो, आणि एक म्हणजे पूर्ण जुळणी. ट्यूनर वगळून थेट डमी लोड लावला तेव्हा सगळे ठीक होते, म्हणजे दोष ट्यूनरमध्येच होता. कंडेन्सरच्या चौकटी मी सवयीने थेट डब्याला स्क्रूने आवळल्या होत्या. रेडिओत गँगची चौकट अर्थलाच असते; टी-जोडणीत मात्र कंडेन्सरचे कोणतेही टोक अर्थला जात नाही, त्यामुळे मधला बिंदूच डब्याला टेकून कॉइल शॉर्ट झाली होती. दोन्ही कंडेन्सर बेकेलाइटच्या पट्टीवर उचलून बसवले आणि सुई हलू लागली. तरीही नॉबच्या बारीक स्क्रूला बोट लागताच चटका बसला आणि कातडीवर पांढरा ठिपका उठला. तेव्हा कंडेन्सरच्या दांड्यांना प्लॅस्टिकचे जोड घातले. ही काळजी आधीच घ्यायला हवी होती.

त्यानंतर ७ मेगाहर्ट्झवर तारेची जुळवणी केली. १० वॉटवर सुई एकावर आली, म्हणून पॉवर १०० वॉट केली, तोच डब्यातून टिकटिक ऐकू आली आणि कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये निळसर ठिणगी दिसली. एका पत्र्याच्या कडेला मोहरीएवढा काळा खड्डा पडला होता. पत्र्यांमध्ये जास्त अंतर असलेले कंडेन्सर शोधायला लागण्याआधी मी हिशेब करून पाहिला. ५० ओहममध्ये १०० वॉट म्हणजे १.४१ अँपिअर. पहिला कंडेन्सर जवळजवळ उघडा (पत्रे एकमेकांतून बाहेर), सुमारे ५० पिकोफॅरडवर होता, ७.१ मेगाहर्ट्झला त्याची रिॲक्टन्स, म्हणजे त्या वारंवारतेला होणारा विरोध, सुमारे ४५० ओहम, म्हणजे त्याच्यावर ६३० व्होल्टच्या आसपास आणि शिखरावर जवळपास ९०० व्होल्ट. तोच २५० पिकोफॅरडवर असता तर १२७ व्होल्टच पडले असते.

टी-जोडणीत सुई एकावर आणणाऱ्या जागा अनेक असतात आणि त्या सारख्या नसतात, हे मला तिथे कळले. तेव्हापासून मी दोन्ही कंडेन्सर जास्तीत जास्त मिटवून (पत्रे एकमेकांत शिरवून) सुरुवात करतो आणि कॉइलचे शक्य तितके कमी वेढे वापरून जुळवणी शोधतो. ठिणगी पुन्हा पडली नाही, तेच गँग आजही आत आहेत.

३.५ मेगाहर्ट्झने मात्र अधिक परीक्षा पाहिली. तिथे १६ मीटरची तार पाव तरंगलांबीपेक्षा आखूड पडते, तिचा रोध कमी असतो, आणि दोन्ही कंडेन्सर पूर्ण मिटवूनही जुळवणीला बरेच वेढे लागत होते. सुई एकावर, ट्रान्सीव्हर निवांत. पण मिनिटभर बोलून पॉवर बंद केली आणि झाकण उघडले, तर कॉइलला बोट लावून ठेवता येईना. नळी मऊ पडून दोन वेढे एकमेकांकडे सरकले होते. जी पॉवर अँटेनाकडे गेली असे मी मानत होतो, तिच्यातली बरीच त्या तांब्यातच जिरत होती आणि एसडब्ल्यूआर मीटर त्याबद्दल काहीच सांगू शकत नव्हता, कारण तो फक्त ट्रान्सीव्हर आणि ट्यूनर यांच्यामधले पाहतो.

उपाय गँगमध्येच होता. अँटेनाकडच्या गँगचा दुसरा भाग रिकामा पडून होता; लहान टॉगल स्विचने तो पहिल्याला समांतर जोडला आणि ७३० पिकोफॅरड हाताशी आले. आता निम्म्याहून कमी वेढ्यांत जुळवणी होते आणि कॉइल जेमतेम कोमट लागते. सरकलेले वेढे काढून, उष्णता सोसणाऱ्या नळीवर ती नव्याने गुंडाळली. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक बँडचा टॅप आणि दोन्ही नॉबचे आकडे पेन्सिलीने लिहिले आहेत. दर बँडवर पहिल्या वेळी पॉवर बंद करून कॉइलला बोट लावून पाहतो, आणि मगच तो आकडा शाईने पक्का करतो. १४ मेगाहर्ट्झचा आकडा अजून पेन्सिलीतच आहे.